बायबल उघडलं, आता पुढे काय? रोजच्या प्रश्नांसाठी पवित्र शास्त्र कसं वाचायचं, नवीन माणसांसाठी

हे कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. घरात बायबल आहे, लग्नात नाहीतर दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) मिळालेलं, चेनवाल्या रेक्झिनच्या कव्हरमध्ये, आणि ते फक्त रविवारी बाहेर निघतं, अशा लोकांसाठी. लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या मुलींसाठी, ज्यांना सासरी पहिल्याच आठवड्यात "सूनबाई, आज शास्त्रपाठ तू वाच" असं सांगितलं जातं आणि हबक्कूक नावाचं छोटंसं पुस्तक बायबलात कुठे आहे ते शोधताना घाम फुटतो. आणि जे ख्रिस्ती नाहीत पण कुतूहलाने वाचायचंय, त्यांनाही चालेल, काही अट नाही.

मी नगरकडची, आता पिंपरी-चिंचवडला. आमच्या मंडळीच्या घरगुती प्रार्थनेत बरीच वर्षं आहे, त्यामुळे लोक विचारतात, "ताई, नोकरी बदलायचीये, कुठला अध्याय वाचू?" आता हे स्पष्टच सांगते, बायबलात नोकरीचं हो-नाही लिहिलेलं नाही. माणसाने पैशाशी, शेजाऱ्याशी, भीतीशी, बॉसशी कसं वागावं हे भरपूर लिहिलंय, पण तेही एका सुट्या वचनात क्वचितच मिळतं, त्यासाठी अख्खा अध्याय वाचावा लागतो. बाकी सगळा लेख ह्याच एका गोष्टीभोवती आहे.

काय काय लागेल

- एक बायबल (कुठलं ते खाली)
- साधी शंभर पानी वही आणि पेन्सिल. बॉलपेन नको, बायबलचा कागद इतका पातळ असतो की शाई मागच्या पानावर उतरते
- दिवसातली पंधरा मिनिटं, शक्यतो फोन दुसऱ्या खोलीत ठेवून
- एक माणूस ज्याला आपण न लाजता विचारू शकतो: पाळकसाहेब, फादर, सिस्टर, मंडळीतली एखादी आजी, कुणीही

वचनांचे अर्थ सांगणारे जाड टीकाग्रंथ, ग्रीक शब्दकोश, तीनशे पासष्ट दिवसांचे चार्ट ह्यातलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही. लोक आधी ह्याच वस्तू विकत घेतात आणि वाचायचं राहून जातं.

१. कुठलं बायबल घ्यायचं

आपल्याकडच्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं "पवित्र शास्त्र" चालतं. उपासनेत तेच वाचतात, पाठांतराची वचनं त्यातलीच, म्हणून एक प्रत ती असूच दे. भाषा जरा जुन्या वळणाची आहे, "यास्तव", "आपणांस" वगैरे, पण महिनाभरात कान सरावतो. ज्यांना आजच्या मराठीत हवंय त्यांच्यासाठी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचं "सुबोध बायबल" आहे, त्यांना त्यासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. धाराशिवच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेच. मी दोन्ही ठेवते, एक चर्चसाठी आणि एक समजण्यासाठी.

फोनवर वाचायचं तर यूव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे, त्यात मराठीच्या एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. एकच भाग दोन आवृत्त्यांमध्ये शेजारी ठेवून वाचला की निम्म्या शंका तिथेच मिटतात. मात्र ॲपवर एक अडचण आहे, ते रोज सकाळी एक वचन नोटिफिकेशनला पाठवतं, छान फोटोवर. ते वाचा, पण ते वाचलं म्हणजे आजचं वाचन झालं असं समजू नका.

नवीन माणूस हमखास गोंधळतो ती गोष्ट म्हणजे पुस्तकांची संख्या. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, जुना करार (येशूच्या आधीचा) ३९ आणि नवा (येशू आणि त्याच्या शिष्यांचा) २७. कॅथलिक बायबलात ७३, कारण जुन्या करारात तोबित, बेन सिरा, मक्काबी अशी सात जास्तीची आहेत. नवा करार दोघांचा सारखाच. म्हणजे वसईची कॅथलिक मैत्रीण एखादं पुस्तक सांगते आणि तुमच्या प्रतीत ते सापडत नाही, तर तुमची प्रत फाटलेली नाही.

आणि एक आपल्या अभिमानाची गोष्ट, सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या आणि ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. "आम्हाला काय कळणार बाई त्यातलं" असं म्हणणाऱ्या प्रत्येक मावशीला मी हे ऐकवते.

२. पत्ता वाचायला शिका

"मत्तय ६:२५-३४" म्हणजे मत्तयाचं पुस्तक, सहावा अध्याय, पंचविसावं ते चौतिसावं वचन. एवढंच. पण दोन ठिकाणी सगळे अडखळतात. "योहान" म्हणजे योहानाचं शुभवर्तमान, येशूच्या चार चरित्रांपैकी एक, आणि "१ योहान, २ योहान, ३ योहान" ही शेवटाकडची तीन छोटी पत्रं, ती वेगळी. आणि जुन्या करारातलं "अनुवाद" हे पुस्तकाचंच नाव आहे, पहिल्या पाच पुस्तकांतलं पाचवं, त्याचा भाषांतराशी संबंध नाही. अनुक्रमणिकेच्या पानाला एक सुटी पट्टी लावून ठेवा आणि बिनधास्त वापरा, चर्चमध्ये सगळ्यांदेखत वापरली तरी काही बिघडत नाही. पहिल्या बाकावरचे काका पण गुपचूप बघतात.

हे अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मुळात नव्हतेच, बरं का. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या स्टीफन लँग्टन ह्या आर्चबिशपच्या नावावर आहे, आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रोबेर एतियेन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाने पत्र लिहिलं तेव्हा ते सलग पत्रच होतं आणि मंडळीत सलगच वाचलं जायचं. आकडे जागा सापडावी म्हणून आहेत. एक आकडा म्हणजे एक पूर्ण विचार, असं नसतं, कित्येकदा वाक्य एका वचनात सुरू होऊन तिसऱ्यात संपतं.

३. पहिल्या पानापासून सुरू करू नका

एक जानेवारीला उत्साहाने उत्पत्ति उघडायचं, योसेफाच्या गोष्टीपर्यंत मजेत जायचं, निर्गमातला समुद्र ओलांडायचा, मग निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचे पडदे आणि कड्या मोजता मोजता दम लागायचा आणि लेवीय मध्ये अर्पणाच्या चरबीपाशी बायबल बंद, ते पुढच्या एक जानेवारीपर्यंत. आमच्या गटात हे इतक्यांचं झालंय की आता कुणी "लेवीयला आलो" म्हटलं की सगळे हसतात.

माझा सांगण्याचा क्रम असा आहे:

आधी मार्क. सोळाच अध्याय, चार शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, येशू सतत कुठेतरी निघालेला असतो, वाचताना कंटाळा येत नाही. मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच माणसाने लिहिलीत. मग याकोबाचं पत्र, पाच अध्याय, रोजच्या वागण्यासाठी नव्या करारात ह्याच्याइतकं थेट काही नाही, जीभ, पैसा, राग, भेदभाव, सगळं नाव घेऊन. मग मत्तय ५ ते ७, डोंगरावरचं प्रवचन, हे मात्र हळू.

नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला होता. टिळक कवी, पक्के वाद घालणारे, पण वाचत वाचत ते ह्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले, पुढे १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण आज चर्चमध्ये त्यांची भजनं म्हणतो. तुम्हाला तसंच काही होईल असं म्हणत नाहीये, पण ते तीन अध्याय एका बैठकीत उरकायचे नाहीत एवढं नक्की.

ह्या सगळ्याच्या बरोबरीने रोज एक स्तोत्र, आणि नीतिसूत्रे तारखेप्रमाणे. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, आज सतरा तारीख तर सतरावा, सोपा हिशेब, चुकलेल्या दिवसांचा भरणा करत बसायचं नाही. स्तोत्रं १५० आहेत, पण ११९ वं आलं की घाबरू नका, १७६ वचनं आहेत, तुकडे करून वाचा.

कॅथलिक असाल तर तुमच्यासाठी आयतीच सोय आहे. मिस्साचे रोजचे पाठ ठरलेले असतात, रविवारचे तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. तेच वाचले की रविवारी फादर कशावर बोलतायत ते आधीच माहीत असतं.

४. ती पंधरा मिनिटं नेमकं काय करायचं

छोटी प्रार्थना, मनातल्या मनात, "प्रभू, समजायला मदत कर" एवढी पुरते. मग ठरलेला भाग दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. मोठ्याने वाचल्यावर जीभ जिथे अडखळते तिथेच बहुतेक न कळलेलं असतं. मग वहीत चार गोष्टी, प्रत्येकी एक-दोन ओळी:

- हे कोण बोलतंय आणि कुणाला?
- त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय?
- ह्यातून देवाबद्दल किंवा माणसाबद्दल काय दिसतं?
- आज, म्हणजे खरंच आज, मी ह्यातलं काय करणार?

चौथ्या ओळीत "मी जास्त प्रेम करेन" असलं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. याकोब १:१९ मध्ये आहे की ऐकायला चपळ असा, बोलायला सावकाश आणि रागाला सावकाश. ह्याखाली आमच्या गटातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, "पोरगा ट्यूशनहून आल्यावर मार्क विचारायच्या आधी पाणी द्यायचं." असं पाहिजे! नाव, वेळ, काम. संध्याकाळी बघता येतं झालं की नाही.

नाही झालं तर वहीत फुली मारा आणि उद्या पुढे जा, त्यावर उपास-तापास करत बसू नका.

५. मोठा प्रश्न घेऊन वाचायला बसलात तर

इथे जरा थांबते, कारण लोकांना खरं हवं असतं ते हेच, आणि चुकतंही इथेच. एक उदाहरण पूर्ण सांगते.

आमच्या चुलत दिरांना एका पतसंस्थेतून कर्ज हवं होतं आणि पगारदार जामीन पाहिजे होता. "वहिनी, नुसती सही तर करायचीये." सही म्हणजे पगाराची स्लिप, पॅनची झेरॉक्स आणि सही केलेले दोन कोरे चेक. आमचे मिस्टर म्हणाले घरातला माणूस आहे, नाही कसं म्हणायचं. मी म्हटलं दोन दिवस द्या, वाचू.

नीतिसूत्रे ६:१-५ काढलं. तिथे तर सरळ सांगितलंय की शेजाऱ्यासाठी जामीन राहिला असशील तर फसलास, जा, त्याची विनवणी कर, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुटून घे. झालं, उत्तर मिळालं, बायबल बंद? तसं केलं असतं तर ते माझ्या सोयीचं झालं असतं. म्हणून अजून शोधलं. मत्तय ५:४२, जो मागतो त्याला दे, उसनं घ्यायला आलेल्याला पाठमोरा होऊ नकोस. उत्पत्ति ४३ मध्ये योसेफाचा भाऊ यहूदा धाकट्या बन्यामिनासाठी बापाजवळ स्वतः जामीन राहतो, आणि ४४ व्या अध्यायात वेळ आल्यावर खरंच म्हणतो की पोराच्या बदली मला गुलाम ठेवा. आणि पौल, फिलेमोनाला लिहिलेल्या एका पानाच्या पत्रात, फिलेमोनाकडून पळून आलेल्या अनेसिम नावाच्या दासासाठी लिहितो की तो तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन. म्हणजे पौल चक्क जामीन राहतोय!

मग खरं काय? तिसऱ्यांदा वाचल्यावर नीतिसूत्रे २२:२६-२७ कडे लक्ष गेलं. तिथे कारण दिलंय, तुझ्याकडे फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण त्याने का न्यावं? आता सगळं एका ओळीत बसलं. यहूदाची आणि पौलाची फेडायची तयारी होती, दोघांनी भार स्वतःवर घेतला, डोळे उघडे ठेवून. नीतिसूत्रं ज्याला अडवतात तो माणूस "नुसती सही" म्हणून सही करतोय. लूक १४:२८ मध्ये येशूही तेच विचारतो, बुरूज बांधायला निघालेला आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही का? कॅथलिक मैत्रिणीने तिच्या बायबलातला बेन सिराचा २९ वा अध्याय दाखवला, तिथे तर दोन्ही बाजू एकाच ठिकाणी, शेजाऱ्याला ऐपतीप्रमाणे मदत कर पण स्वतः पडू नकोस.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भारतीय करार कायदा, १८७२ चा, त्यातलं कलम १२८ असं सांगतं की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अख्खं कर्ज आमच्यावर आलं तर आम्ही फेडू शकतो का? नाही, मुलीची फी आणि घराचा हप्ता जाऊन शक्यच नव्हतं. म्हणून सही केली नाही, पण जेवढी रक्कम परत नाही आली तरी चालेल तेवढी त्यांना सरळ दिली, उसनी म्हणून नाही. दीर रागावले ते रागावलेच, त्या नाताळला करंज्या खायलाही आले नाहीत. बायबल वाचून निर्णय घेतला की सगळे खूष होतात असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पद्धत लक्षात आली ना? एका विषयावरचे निदान तीन-चार उतारे, त्यात आपल्या मनाविरुद्धचा एक तरी हवाच. मग कारण शोधायचं, नुसती आज्ञा नाही. मग आपली परिस्थिती आकड्यांसकट मांडायची. आणि बुद्धी मागायची, याकोब १:५ मध्ये देव ती दोष न लावता देतो असं आहे. डोकं वापरणं म्हणजे विश्वास कमी असणं, हा समज काढून टाका.

आणि हो, नीतिसूत्रं कायद्यासारखी वाचू नका. २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस आणि लगेच २६:५ म्हणतं दे! छपाईची चूक नाहीये ती. कुठल्या वेळी कुठलं लावायचं हे ओळखणं, तेच शहाणपण. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असाल तर हे दोन्ही रोज उपयोगी पडेल.

६. सापळे

*वर्षाचं वचन.* एकतीस डिसेंबरच्या वॉचनाईटला ताटातून गुंडाळी उचलायची, त्यात येईल ते आपलं वर्षाचं वचन. घरात प्रॉमिस बॉक्स असतो त्याचंही तेच. मी पण उचलते, सगळ्यांबरोबर, आनंदाची गोष्ट आहे. फक्त त्यावर जमिनीचा व्यवहार ठरवू नका. त्या डब्यात सगळी गोड वचनंच निवडून घातलेली असतात, "आपला वधस्तंभ उचल" असलेलं कार्ड मी तरी अजून पाहिलेलं नाही. डोळे मिटून पान उघडणं हाही त्यातलाच प्रकार, १ इतिहासचे पहिले नऊ अध्याय जवळजवळ नुसती नावं आहेत, तिथे बोट पडलं तर काय करणार आहात?

*दुकानाच्या उद्घाटनाचं वचन.* ईयोब ८:७, तुझी सुरुवात अल्प असली तरी शेवट फार मोठा होईल. नवीन दुकान, नवीन गाडी, वास्तू, सगळीकडे हे फ्रेम करून देतात. आता तो अध्याय उघडा. बोलतोय बिल्दद, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचा मित्र, आणि तीनच वचनं आधी तो पोरं गमावलेल्या बापाला सांगतोय की तुझ्या पोरांनी पाप केलं असेल म्हणून ती मेली. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव स्वतः म्हणतो की ह्या मित्रांवर माझा राग आहे, ते माझ्याविषयी योग्य बोलले नाहीत. बायबलात छापलेलं प्रत्येक वाक्य देवाचं मत नसतं, कोण बोलतंय ते बघा. मत्तय ४:६ मध्ये तर सैतानच स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो, आणि शब्द बरोबर म्हणतो.

*यिर्मया २९:११.* तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत, आशा देणाऱ्या आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला जातं हे. ते आहे यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला पकडून नेलेल्या यहूदी लोकांना पाठवलेलं पत्र, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं आहे! २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा "दोन वर्षांत सगळं ठीक" सांगत होता, लोकांना तोच आवडत असणार, आणि तो खोटा ठरला. यिर्मया सांगतो घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं बघा. मला विचाराल तर बदलीच्या गावी एकटं पडलेल्या माणसाला हे पूर्ण पत्र त्या एका ओळीपेक्षा जास्त देतं. गल्फमध्ये कामाला गेलेल्यांना तर नक्कीच.

*गिदोनाची लोकर.* "उद्या अमक्याचा फोन आला तर देवाची इच्छा." शास्ते ६ मध्ये गिदोन खळ्यात लोकर ठेवून देवाकडे दवाची खूण मागतो, त्यावरून हे आलं. तो अध्याय नीट वाचा, देवाने गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं, लोकर त्याच्या शंकेपायी आली. देव त्याच्यावर चिडला नाही, पण म्हणून तो आपला नियम होत नाही.

*औषध बंद करणं.* कृपा करून नाही. प्रार्थना करा, पाळकांकडून आजाऱ्यासाठीचा तेलाचा अभ्यंग करून घ्या, आणि शुगरची गोळीही घ्या. लूक वैद्य होता, कलस्सै ४:१४ मध्ये पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. कुणी वचन दाखवून गोळ्या सोडायला सांगितल्या तर त्या माणसापासून लांब राहा.

*"बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं."* इफिस ५:२२ तेवढं तोंडपाठ असलेले पुरुष मी खूप पाहिलेत. त्याच्या आधीचं २१ वं सगळ्यांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं, आणि २५ वं नवऱ्याला ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसं प्रेम करायला. मारहाण होत असेल तर हे वचन सहन करण्यासाठी वापरू नका, कुणी वापरायला लावत असेल तर ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांची महिला हेल्पलाइन १०९१ आहे, पाळकांशी मग बोला.

*बीज पेरा.* मलाखी ३:१० (दशमांश देण्याबद्दलचं वचन) दाखवून "अमुक रक्कम पाठवा, शंभरपट मिळेल" असा मेसेज क्यूआर कोडसकट आला तर ते बायबल वाचन नाही, वसुली आहे. ब्लॉक करा.

७. एकट्याने वाचून एकट्याने ठरवू नका

बिरुया गावातले लोक, प्रेषितांची कृत्ये १७:११, पौल सांगतोय ते खरं का म्हणून रोज शास्त्र तपासून बघायचे, आणि लूक त्यांना त्यासाठी चांगलं म्हणतो. म्हणजे पाळकसाहेबांना प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. फक्त उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलनाच्या रांगेत विचारू नका, मागे पन्नास लोक उभे असतात. फोन करून वेळ घ्या, उतारा आणि प्रश्न लिहून न्या.

गट निवडताना एवढं बघा: बायबल उघडं असतं की नुसत्या साक्षी, म्हणजे आपापले अनुभव सांगणं, चालतात? बायकांना आणि तरुण पोरांना बोलू देतात का? "मला नाही माहीत" असं नेता कधी म्हणतो का? आणि तिथे सांगितलेली घरातली गोष्ट दुसऱ्या दिवशी अख्ख्या कॉलनीला कळते का, हा सगळ्यात महत्त्वाचा. कळत असेल तर तिथे भजन म्हणा, प्रश्न मांडू नका.

८. काहीच वाटत नाही अशा दिवसांत

येतात. कुणी मेलेलं असतं, नोकरी गेलेली असते, किंवा काहीच कारण नसतं. तेव्हा नीतिसूत्रं बाजूला ठेवा, उपदेश नको वाटतो. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे आणि सुरूच होतं "कोठवर?" ह्या प्रश्नाने. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, गोड शेवट नाही, आणि तरीही ते बायबलात ठेवलंय. तेवढं वाचा, वहीत काही लिहू नका, चार प्रश्न वगैरे राहू देत. शेजारचं कुणी गेलं असेल आणि काय वाचावं कळत नसेल तरी हेच, आणि जाताना "देवाची इच्छा" म्हणण्यापेक्षा भाजी-भाकरीचा डबा न्या, याकोब २:१५-१६ त्याबद्दलच आहे.

घाईच्या वेळी कुठे बघायचं

वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. प्रत्येक ठिकाणी पूर्ण उतारा दिलाय, मधली ओळ उचलायची नाही.

- उद्याची काळजी: मत्तय ६:२५-३४, फिलिप्पै ४:४-१३ (१३ वं वचन जिमच्या टीशर्टवर असतं, पण पौल तिथे बेड्यांत बसून उपाशी राहायला आणि पोटभर असायला दोन्ही शिकलो म्हणतोय)
- कुणाशी भांडण: मत्तय १८:१५-३५, आधी त्याला एकट्याला गाठून बोला, ग्रुपवर टाकू नका
- राग, जीभ: याकोब ३, नीतिसूत्रे १५
- पैसा, कर्ज: नीतिसूत्रे ६ आणि २२, लूक १२:१३-३४
- सासू-सून, परकं घर: रूथ, चारच अध्याय, एका दुपारी होतं
- आजारपण: स्तोत्र ४१, मार्क ५
- मोठा निर्णय: याकोब १, नीतिसूत्रे ३, आणि वरचा पाचवा मुद्दा परत

सुरुवात मार्क १ पासून, आज रात्रीच करा, ४५ वचनं आहेत. पहिल्या वाचनात एलीया कोण, परूशी कोण, शब्बाथाचा एवढा वाद का, हे सगळं कळणार नाही. त्या शब्दांना पेन्सिलने गोल करा आणि पुढे जा, लूकपर्यंत पोचेस्तोवर त्यातले बरेचसे गोल आपोआप सुटतात, उरलेले कागदावर घेऊन रविवारी पाळकांना गाठा.